उजव्या ब्रॅकेटचा टाका

मी, गोकुळ हौसराव साकोरे, वय वर्षे चौसष्ट, धंदा फॅब्रिकेशन, मूळ गाव केंदूर, तालुका शिरूर, हल्ली मुक्काम केडगाव, तालुका दौंड, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवत आहे. माझी फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके नाही. डॉ. सत्यजीत निंबाळकर यांनी आज मला तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून बघावा.

माझी पत्नी म्हाळसा वारली आहे. मला एकच मुलगी, अनुपमा. तिच्या अंगात कमरेखाली जीव नाही. या कागदात जे काही आहे ते तिच्यासाठी आहे. ज्याला पटणार नाही त्याने पुढे वाचण्याची तसदी घेऊ नये.

कलम एक. केडगावचे राहते घर, मागची शेड आणि बँकेतील ठेव अनुपमाची. गिताबाई तिला उठवते, धुते, रात्रीतून कूस बदलून देते, आणि वर भांडतेही. तिला मागची खोली हयातभर राहण्यास द्यावी. माझ्या माघारी कोणी तिला कामवाली म्हणून हुसकून लावले तर मी भूत होऊन येईन. हे वाक्य वकिलांनी काढायला सांगितले होते, मी ठेवले आहे.

कलम दोन. केंदूरची माझ्या वाटणीची जमीनही अनुपमाची. पुतण्या पृथ्वीराज मागे भेटायला आला तेव्हा म्हणाला, "काका, ताईला रान काय करायचंय? तिला कुठं चालायचंय तिथं?" अनुपमा समोरच बसली होती. त्याने आणलेल्या केळ्यांतली निम्मी सडकी निघाली. पृथ्वीराजला माझ्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही. त्याची केळ्यांची पिशवी शेडमध्ये खुंटीला आहे, ती न्यावी.

कलम तीन. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, ड्रिल व बाकीची हत्यारे कलम पाचमधले काम पुरे होईपर्यंत विकू नयेत. नंतर विकून पैसे गिताबाईला द्यावेत.

कलम चार. जुनी मॅटॅडोर गाडी अनुपमाची. ही मी भंगारातून उचलली. पुण्याची हौशी माणसे जुन्या गाड्या घेऊन माझ्याकडे येत आणि आत झोपायची सोय करून मागत. भिंतीला उभा मिटणारा पलंग आणि त्याचे ब्रॅकेट, हे माझे खास काम. प्रत्येक गाडीचे माप वेगळे, त्यामुळे ते बाजारात तयार मिळत नाहीत. हौशी लोकांसाठी पुष्कळ केले. मग वेळ माझ्यावरच आली. अनुपमाला फार वेळ बसवत नाही, जखमा होतात. ॲम्ब्युलन्समध्ये घातले की म्हणते, "आप्पा, मेल्यासारखं वाटतं." म्हणून ही गाडी. दिवसा पलंग वर, त्याच्या बाजूला तिची चाकाची खुर्ची. थकली की पलंग खाली. मी, ती आणि गिताबाई असे तिघे अलिबागला जाऊन आलो. गाडी वाळूत नेता येईना, तर अनुपमा आतूनच ओरडत होती, "घ्या की अजून थोडी पुढं!" तेवढे एकदा तिचे हसणे ऐकले.

पण त्या पलंगाचा खटका खालच्या अंगाला होता. दुसऱ्याने ओढल्याशिवाय पलंग उतरत नसे. एकदा ती म्हणाली, "मला आडवं व्हायचं तरी हाक मारायची. तुम्ही गेल्यावर कुणाला मारू?" मी नवे ब्रॅकेट करायला घेतले. यात खटका तिच्या हाताच्या उंचीवर आहे, आणि स्प्रिंग लावल्याने पलंग हळूच उतरतो. खुर्चीत बसून ती एकटी तो खाली घेऊन हातांच्या बळावर त्यावर सरकू शकते.

कलम पाच. हे नीट वाचावे. डावा ब्रॅकेट पूर्ण झाला आहे. उजवा नुसता टाक्यावर आहे, म्हणजे जागेवर धरण्यापुरता ठिपका मारला आहे, सलग वेल्डिंग झालेले नाही. तिथे माझा दम पुरेना. टाक्यावर रंग मारला की काम झाल्यासारखेच दिसते. तरी पूर्ण वेल्डिंग होईपर्यंत त्यावर कोणीही रंग मारू नये आणि माझ्या पोरीला निजवू नये. निजवल्यास तो खून समजावा.

टाका काय करतो ते मला माहीत आहे. अनुपमा कुरकुंभला एका कंपनीत लॅबमध्ये होती. तिच्या शिफ्टची बस सीटांच्या दुरुस्तीला आमच्याच शेडमध्ये आली. मी त्या दिवशी केंदूरला बांधाच्या भांडणात होतो. माझा कारागीर रोहिदास दिवेकर याने एका सीटचा पाय टाक्यावर सोडला, वर रंग मारला, आणि ड्रायव्हर हॉर्न बडवतो म्हणून बस देऊन टाकली. उद्या पुरे करू म्हणाला. रात्रीच्या फेरीला बस दुभाजकावर चढली. बाकीच्यांना खरचटले. सुटलेली सीट माझ्या पोरीची होती.

रोहिदासने एकदाच येऊन सांगितले, "मालक, टाका मीच सोडला व्हता. न्हाई म्हनत न्हाई." मी त्याला हाकलून दिले. त्यानंतर त्याचे तोंड पाहिले नाही. मी त्याला क्षमा केलेली नाही, मेल्यावरही करणार नाही.

परंतु गाडीचा पत्रा जुना, पातळ झालेला आहे. कुरकुंभच्या दोन वेल्डरांना दाखवला, दोघांनी भोके पाडली. असल्या पत्र्यावर चालणारा हात एकट्या रोहिदासचा आहे. कितीही दातओठ खाल्ले तरी हे खोटे ठरत नाही. उजवा ब्रॅकेट त्यानेच पुरा करावा. मग स्वतः त्या पलंगावर झोपावे, आणि गिताबाईच्या मुलाने गाडी कुरकुंभच्या त्याच दुभाजकाजवळून न्यावी. त्यानंतरच अनुपमाने झोपावे.

ज्याला काही मिळत नाही असा साक्षीदार घ्या, असे वकील म्हणाले. रोहिदासला मी काहीही देत नाही. म्हणून त्यालाच बोलावले आहे.

कलम सहा. हे सहीच्या वेळी वाढवले. माझ्या सांगण्यावरून डॉक्टरांनी हाताने लिहिले.

कलम पाच वाचून दाखवल्यावर रोहिदास उठून गाडीत गेला. बराच वेळ आला नाही. मला वाटले, गेला पळून. मग दारात येऊन म्हणाला, "मालक, टाका तोडावा लागंल. त्याच्यावरनंच वेल्डिंग वढलं तर आतनं पोकळ ऱ्हाईल. पहिल्यापास्नं करतो."

मी हो किंवा नाही म्हणायच्या आत अनुपमा बोलली. त्या अपघातानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलली.

"करा. पण माझी खुर्ची गाडीत घ्या आन् वेल्डिंग बघायची एक काळी काच मला द्या. या वेळी मी बघणार हाय."

रोहिदासने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते. माझे नव्हते. काच कपाटात वरच्या फळीवर आहे, ती अनुपमाला द्यावी.

ठिकाण: केडगाव, ता. दौंड
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: गोकुळ हौसराव साकोरे (सही वाकडी आली आहे, ती माझीच आहे)

आमच्यादेखत सही केली:
१. डॉ. सत्यजीत निंबाळकर, केडगाव
२. रोहिदास दिवेकर, वरवंड