चढावर आडवी झालेली गाडी

अण्णा, तुमचं नाव घेऊन मी खोटं बोलले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तुम्ही ऐकायला नव्हता, म्हणूनच बहुतेक ते इतक्या सहज तोंडातून निघालं. कुणाला एका शब्दाचीही शंका आली नाही.

मी तेरा वर्षांची असताना तुम्ही मला एकदा जीपमध्ये घेऊन गेला होता. पाझर तलावांच्या पाहणीची सरकारी जीप, चालवायला तुम्ही, शेजारी साहेब, मागं मी आणि मोजणीच्या पट्ट्या. गंगापूरच्या पुढं एका वस्तीच्या अलीकडं नाला आडवा आला. तुम्ही गाडी बंद केली, खाली उतरलात, पँट दुमडली आणि काठीनं तळ चाचपत पलीकडं जाऊन परत आलात. साहेब घड्याळ बघत होते. मला लाज वाटली. घरी आल्यावर मी आईला म्हणाले, "अण्णा नाल्याला भ्याले." तुम्ही हात धुता धुता म्हणालात, "व्हय, भ्यालो. सायेब घाईत हायेत म्हणून नाला उथळ व्हत नाय, पोरी."

पुढं बारावीच्या सुट्टीत तुम्ही मला गाडी शिकवली, आपल्या शेताच्या वरच्या मुरमाड टेकाडावर. बाकीच्या मुलींचे वडील त्यांना स्कूटी शिकवत होते. अंगठे स्टिअरिंगच्या दांड्यात अडकवायचे नाहीत, चाक दगडाला धडकलं की स्टिअरिंग झटका देतं आणि अंगठा मोडतो. चढाला सरळ भिडायचं. मध्येच गाडी थांबली तर ब्रेक, रिव्हर्स गिअर, आणि आली तशी सरळ मागं. "वळवायची नाय. चढावर आडवी झाली का गेली." मी खिडकीवर कोपर टेकलं होतं, तर तुम्ही हातातल्या उपरण्यानं त्यावर फटका मारलात. "हात आत. गाडी कलली तर पयला हातच सापडतो." त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. लागलं नव्हतं, राग आला होता.

मागच्या वर्षी मी चारही चाकांना जोर असलेली गाडी घेतली. आमच्या शहरात रविवारी अशा गाड्या घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जाणारा एक ग्रुप आहे, त्यांच्यात मी एकटीच बाई. चिकलठाण्याच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण त्या रविवारी सोबत आली. नऊ वर्षं आम्ही एका डब्यात जेवतोय. ती डावखुरी. मायक्रोमीटर डाव्या हातात धरून ती पार्टची जाडी मोजते तेव्हा नवीन लोक थांबून बघतात.

खुलताबादच्या पुढच्या डोंगरात एक चढ होता. पुढच्या तीन गाड्या वर गेल्या आणि त्यांतले लोक मोबाइल काढून उभे राहिले. मैत्रीण म्हणाली, "उतरून बघू का गं? मध्ये सगळा सुटा मुरूम दिसतोय." मी म्हणाले, "बस गं. मी अण्णांच्या हाताखाली शिकलेय." अर्ध्यावर मागचं चाक नुसतं फिरायला लागलं आणि गाडी बंद पडली. अण्णा, मला तुमचं सगळं आठवलं. आठवलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण वरून मोबाइल रोखलेले, खाली दोन गाड्या थांबलेल्या, आणि त्या सगळ्यांसमोर उलटं, पाठमोरं उतरायची मला लाज वाटली. वाटलं, इथंच वळवून तोंड पुढं करून ऐटीत खाली जाऊ. मी गाडी चालू केली आणि स्टिअरिंग डावीकडं फिरवलं.

गाडी आपटली नाही. सावकाश, म्हैस बसते तशी डाव्या कुशीवर गेली. पट्टे लावलेले होते म्हणून आम्ही दोघी जागेवर राहिलो. मैत्रिणीनं आधारासाठी खिडकीतून हात बाहेर काढून टपाची कड धरलेली होती. मला ते चढाच्या पायथ्यालाच दिसलं होतं. दिसलं, आणि मी काही बोलले नाही.

सगळ्यांनी मिळून गाडी उचलली, तेव्हा मैत्रिणीचा टपाखाली सापडलेला हात निघाला. शहरात दवाखान्यात आणेपर्यंत ती शुद्धीत होती, पण काय बोलत होती तिचं तिला कळत नव्हतं. तिच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट काढावं लागलं. तिचे मिस्टर आले. शांत माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, हिचा हात बाहेर कसा काय होता?" मी म्हणाले, "मी सांगितलं होतं हो हिला, हात आत घे म्हणून. आमच्या वडिलांनी मला पहिलं तेच शिकवलं होतं." ते मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी तिला त्यांच्याकडून ते कळलं, तर तीच मला म्हणाली, "सांगितलं असशील गं. मीच ऐकलं नसंल."

महिनाभर मी रोज तिच्या घरी जायचे. ती उजव्या हातानं सही गिरवत बसलेली असायची. शेजारच्या बाई आल्या की सांगायची, "हिची काय चूक नाय. हिनं बजावलं होतं." आणि मी चहाचा कप धरून तिथंच बसलेली. त्या चहाला चव होती, अण्णा, हेही सांगते. मी तो पीत होते.

एका दुपारी ती नवऱ्याचं वाक्य जसंच्या तसं म्हणाली, "ऐकायला पायजे होतं, हे म्हणतात ते खरंय." तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगितलं. हात आत घे असं मी म्हणालेच नव्हते. आणि गाडी मागं घ्यायची असते हे मला माहीत होतं.

तिनं पेन वहीवर ठेवलं. मग म्हणाली, "उतरून बघू का, असं मी म्हणाले होते ना? मला वाटलं, भुलीत पडलेलं स्वप्न असंल ते."

"म्हणाली होतीस."

"मग ह्यांना तू सांग. मी नाय सांगणार. रोज रात्री पट्टी बदलताना मला बोलतात, मी ऐकून घेते." एवढं बोलून तिनं परत पेन धरलं. चहा विचारला नाही.

त्याला आता दहा दिवस झाले. तिच्या मिस्टरांना सांगायला दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. एकदा त्यांना फोन लावला आणि जखमेची चौकशी करून ठेवला. आज सकाळी हा कागद काढला तो त्यांना लिहायलाच. पहिली ओळ जमेना. मग तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.