शैलाच्या बेटाचा संकल्प

भाद्रपद व. ४, गुरुवार. काचीगुडा.

संध्येस बसलो. पंचपात्रातून पळीभर पाणी घेतले आणि तोंडून नित्याचा संकल्प निघाला. जंबुद्वीपे, भरतवर्षे, दंडकारण्ये, गोदावर्याः दक्षिणे तीरे... तेथेच थबकलो. पळी हातातच राहिली.

श्रावणात चि. शैलाच्या नव्या घराची वास्तुशांत मी येथूनच सांगितली. फोन तांब्याला टेकवून ठेवलेला. पलीकडे अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या खाडीत, एका बेटावर, शैला आणि तिचे यजमान रघुराम पाटावर बसलेले. आणि मी डोळे मिटून हेच म्हटले. अक्षरशः हेच. पन्नास वर्षांचे जिभेचे वळण. कन्येचे घर समुद्रात, आणि मी संकल्प सोडला तो हैदराबादचा.

ज्या भूमीचे नावच घेतले नाही, तिची शांती कशी झाली असेल?

सौ.ला अद्याप सांगितलेले नाही.

व. ६, शनिवार.

कर्मात न्यून राहिले तर ते पुन्हा करावे, हे सरळ आहे. परंतु त्यासाठी स्थळ नेमके ठाऊक हवे: कोणती भूमी, कोणत्या जलाचे कोणते तीर. शैलाला फोन केला. चुकीविषयी बोललो नाही. तुमच्या बेटाचा इतिहास कोठे छापलेला आहे काय, एवढेच विचारले. तिला कोण आनंद. तेथील रहिवाशांच्या संघाने एक जाडजूड ग्रंथ काढला आहे म्हणे. दोन तासांत तिने सर्व पानांची छायाचित्रे पाठविली.

हिमायतनगरच्या झेरॉक्सवाल्याकडून ती छापून आणली. त्याने तेलुगूत विचारले, पंतुलुगारू (म्हणजे गुरुजी), तिकडे घर घेताय काय? म्हटले, घेऊन झाले. ते कोठे आहे, एवढेच शोधतो आहे.

व. ८, सोमवार.

ग्रंथाची छापलेली पाने मांडीवर घेऊन वाचतो आहे. इंग्रजी सोपे आहे, आशय सोपा नाही.

एका व्यापाऱ्याने प्रथम जे खरेदी केले ते पाणी होते. खरेदीखतात जमीन नाहीच. गुडघाभर खोल खाडी, खारफुटीची चार झुडपे, वस्तीला येणारे पक्षी. त्याने पाण्यात लाकडी खांबांच्या रांगा ठोकून एक रिकामी चौकट आखली, आणि मग तो यंत्राने समुद्राचा तळ उपसून तिच्यात ओतीत राहिला. वर्षानुवर्षे. शेवटी पाठ वर आली. पांढरी, दुर्गंधी, खारट. त्यावर काही उगवेना. पावसाने मीठ धुऊन न्यावे म्हणून ते सारे नुसते थांबून राहिले.

वराहावताराची कथा मी आयुष्यभर सांगत आलो. पृथ्वी पाण्यातून वर येतानाची छायाचित्रे मात्र आज प्रथम पाहिली. अंगावर काटा आला. मनुष्याने हे करावे?

व. ११, गुरुवार.

कोठीला गेलो. जुन्या पुस्तकांचे दुकान चालविणारे हमीदभाई, चाळीस वर्षांचा स्नेह. एक जीर्ण नकाशासंग्रह काढून दिला. भिंगातून खाडी सापडली. बेट नाही; नकाशा त्याच्याही आधीचा. निव्वळ निळा रंग, त्यात खोलीचे बारीक आकडे. हमीदभाईंनीही भिंग लावून पाहिले.

"पंडितजी, ये तो हैच नई. बेटी कू पानी में ब्याहे क्या?"

मी हसलो, ते हसले. परंतु परतताना रिक्षात तो निळा रंग डोळ्यांपुढून हलेना.

सर्वपित्री अमावस्या, सोमवार.

पुढील प्रकरणे वैभवाची. दुतर्फा ताड, संगमरवरी घाट, घरोघरी नौका, एकच पूल आणि पुलाच्या तोंडाशी चौकी. बेटाचे स्वतःचे रक्षक, स्वतःचे नियम. एक नियम असा, की कामकऱ्यांनी सूर्यास्तापूर्वी पूल ओलांडून बाहेर पडावे. दुसरा, तेथे घर कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये याचा, त्यात रघुरामांसारख्या काळ्या-सावळ्यांना जागा नव्हती. हा नियम पुढे रद्द झाला, असे ग्रंथ एका वाक्यात सांगतो आणि टेनिसकडे वळतो.

एक छायाचित्र पुनःपुन्हा काढून पाहतो. कमरेपर्यंत चिखलात उभी माणसे, हातांत फावडी. खाली नावे नाहीत. मागे उभ्या असलेल्या यंत्राचे नाव आहे.

ज्यांनी भूमी वर काढली त्यांना तिच्यावर रात्र काढता आली नाही.

आज पितरांचे तर्पण झाल्यावर नामगोत्र ठाऊक नसलेल्यांसाठी तीळ-पाणी सोडतो, ते त्यांच्या नावे सोडले. योग्य की अयोग्य, कोणाला विचारणार? सोडले.

आश्विन शु. ३, गुरुवार.

शैलाचा फोन. स्वर ओढलेला. बेटावर भरतीचे पाणी आता रस्त्यांत येते म्हणे. रस्ते उंच करणे, भिंती चढविणे, घरे खालून उचलून धरणे, असा मोठा घाट संघाने घातला आहे. पौर्णिमेच्या सायंकाळी सभा आहे. प्रत्येक घराने सांगायचे: घर उंच करून राहणार की सोडणार. रघुराम सोडू म्हणतात. ही अडून बसली आहे.

"मी त्यांना स्पष्ट सांगितलं, बाबा. या घराची वास्तू माझ्या वडिलांनी केली आहे. ते हलायचं नाही."

मी हो, हो, म्हणालो. यासारखे खोटे मी आजवर बोललो नव्हतो.

शु. ५, शनिवार.

सौ.ला सांगितले. ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही.

तिला त्याच दिवशी कळले होते! गोदावरी ऐकली आणि मनात म्हणाली, यांची गाडी काही काचीगुड्याच्या पुढे जात नाही. मग तेव्हाच का नाही बोललीस? तर म्हणे, तुम्ही डोळे मिटले की तुम्हांला अडवायची माझी पद्धत नाही.

नंतर, देठ बाजूला करीत, "अहो, ती तुमच्या शब्दावर घर धरून बसली आहे. तुमची लाज मोठी की तिचं घर?"

शु. ९, बुधवार.

सांगितले. आडवळण न घेता. शैला, श्रावणात मी चुकलो; संकल्प येथला सोडला, तुझ्या भूमीचे नाव घेतलेच नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हणजे मी इतके दिवस ज्याच्या जोरावर यांच्याशी भांडते आहे..."

मी म्हणालो, दोष माझा. राहा किंवा सोड, परंतु माझ्या पूजेचा आधार धरू नकोस. ती म्हणाली, "बाबा, मला कामावर निघायचंय." फोन ठेवला.

रागावली असती तर बरे झाले असते.

शु. १३, रविवार.

चार दिवसांनी निरोप, तोही लिहून: बाबा, पुन्हा करा. सभेच्या आधी. पौर्णिमेला, माझ्या सकाळी.

तिची सकाळ म्हणजे येथील दिवेलागण. असो. यजमानाचा सूर्य जेथे उगवतो तेथला दिवस धरावा.

संकल्प नव्याने लिहून काढला. द्वीपाविषयी तिकडचे पुरोहित क्रौंचद्वीप म्हणतात, तेच घेतो. नदी जवळ नाही, म्हणून समुद्रतीरे. तीन वेळा मोठ्याने वाचला. जीभ दोनदा गोदावरीकडे वळली.

पौर्णिमा, मंगळवार.

दिवा लावून बसलो. सौ. शेजारी कागद धरून, मी चुकल्यास टोकण्यासाठी. फोन लागला. शैला रेशमी साडीत. पण पाटावर नाही, दारात उभी. म्हणाली, आधी हे पाहा. आणि फोन बाहेर वळविला.

आकाश निरभ्र. एक पान हलत नव्हते. रस्त्याच्या कडेच्या गटारांच्या जाळ्यांतून समुद्र वर येत होता. आवाज नाही, लाट नाही. स्वच्छ पाणी, त्यात ताडांची प्रतिबिंबे. समोरच्या संगमरवरी फाटकाशी एक करडा मासा अगदी निवांत फिरत होता. पुलाकडचा रक्षक बूट हातात घेऊन चाललेला.

रघुराम मागून हळूच मला, सासऱ्याला, म्हणाले, "मामगारू, पाऊस नाही, वारा नाही. नुसता चंद्र."

माझे हात आपोआप जोडले गेले. तळापासून उपसून काढलेली भूमी, आणि तिच्या दाराशी तिचा धनी आलेला. मागायला नव्हे, पाहायला यावे तसा. द्वारकेविषयी जे वाचले होते त्यात कोलाहल होता. येथे काहीच नव्हते. किती वेळ मंत्र आठवेना.

शैला फोन कठड्याला टेकवून पायऱ्या उतरली आणि त्या पाण्यात उभी राहिली. घोट्यांच्या वर.

"बाबा, समुद्रतीरे म्हणायचं ना?"

सौ.ने कागद पुढे केला. मी तो पालथा ठेवला.

"तू कोठे उभी आहेस ते तू सांग. मी तेच म्हणतो."

तिने खाली पाहिले. मग रघुरामांकडे. मग पुन्हा खाली.

"समुद्रमध्ये," ती म्हणाली.

तसेच म्हणून उदक सोडले. येथे माझ्या ताम्हनात, तेथे तिच्या ओंजळीतून त्याच पाण्यात. वास्तुदेवतेची प्रार्थना तिने उभ्यानेच केली. सभा तिच्या सायंकाळी. काय सांगणार आहे ते ती बोलली नाही, आणि मी विचारले नाही. शांतिपाठ संपला तेव्हा पाणी दुसऱ्या पायरीला लागले होते, आणि रघुराम दारात उभे राहून उरलेल्या पायऱ्या मोजत होते.