खाली एक माणूस

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
अडुसष्टाव्या वर्षी नोकरी लागली! घरून, पूनम सागर वसाहतीतून, बसने घोडबंदरला आलो. सून म्हणाली, दिवसभर गॅस बंद आहे का बघत फिरण्यापेक्षा बरं. नात रसिकाला कबूल केलंय, रोज सहाला क्लासवरून घ्यायला मीच येणार.

बंद कारखान्याच्या आवारात एक शेड, तिच्याखाली तळघर. बेचाळीस पायऱ्या. दोन सारख्या पेट्या, एक वर, एक खाली. आकाशातून न्यूट्रॉन नावाचे कण येतात, ते त्या मोजतात. जमीन ते अडवते. म्हणून वर तासाला नऊशे, खाली जेमतेम चाळीस. दोन्ही आकडे वरच पडद्यावर दिसतात, ते बघत बसायचं. मी सातवी पास. प्रयोगाचे प्रमुख दिपेश सर, त्यांनी दोनदा समजावलं. पेटीला चिकटून माणूस बसला की आकडा कमी होतो, अंगातलं पाणीही कण अडवतं. म्हणून खाली उतरताना वहीत नाव लिहायचं, वर आल्यावर त्यावर रेघ मारायची.

५ फेब्रुवारी
जोडीदार नेल्सन, उत्तनचा. भारी चेष्टेखोर. तळघराची धास्ती वाटते म्हटलं, तर म्हणाला, "काका, खाली भूत न्हाय, उंदीर न्हाय. गेलात तर तुम्हीच काय ते हाय."
वरची पेटी माझ्या खुर्चीला लागून आहे. मी बसलो की आठशे साठ. गंमत वाटते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
खालची पेटी पुसायला उतरलो आणि दिवा गेला. चष्मा पडला. काळोखात चाचपडलो, मग तसाच पळत वर. थेट बसस्टॉप. घरी आल्यावर आठवलं, नावावर रेघ मारलीच नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
जुना चष्मा लावून लिहितोय. दोन दिवस शेडला कुलूप होतं. तरी खालचा आकडा शुक्रवारपासून एकतीस. सरांना फोन करून आकडा आणि राहिलेली रेघ, दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, वहीत तुमचं नाव खाली आहे ना, मग बरोबरच आहे. मी म्हटलं, मी वर आहे हो. ते हसले.
रेघ मारायला गेलो, तर नेल्सनने हात धरला. म्हणाला, आधी आकडा चाळीसवर येऊ द्या, मग रेघ.

११ फेब्रुवारी
खुर्चीत बसलोय. वरचा आकडा नऊशे. पेटीला पाठ टेकली. नऊशेच.
नेल्सन बसला, आठशे साठ. मी बसलो — नऊशे.
काल रसिकाने माझा हात सोडून दिला. गार लागतो म्हणाली.

१२ फेब्रुवारी
नेल्सन खाली बघून आला. ओठ पांढरे. म्हणतो, स्टुलावर तुम्हीच बसलाय, चष्मा पुसताय. सहाला नातीला घ्यायचं हाय, म्हणालात. मग मागे सरकत त्याने मला विचारलं, हे वर कोण हाय?

साडेचार
मीच उतरतोय. त्याला वर जाऊ द्यायचं नाही.

तळघर
दिवा चालू. स्टूल रिकामं — अजून ऊबदार. चष्मा नाही.
पायऱ्यांवर पावलं. वर जातायत. बेचाळीस.
नेल्सन कुणाला तरी म्हणाला, "या काका, सुटलो बाबा." आकडा चाळीस झाला म्हणतोय. रेघ मारतो म्हणतोय —
मी इथे आहे — ओरडतोय —
वर तळघराच्या दाराला कडी लागली.

सहाला पाच कमी. रसिका क्लासच्या दारात — त्याचा हात ऊबदार लागेल तिला, ती धरेल, ती