डोहात उतरलेली लोखंडी खोली

दापोडी, जानेवारी १९५७

अम्मींना गुलशनचा सलाम.

आम्ही दोघंही सुखरूप आहोत, एवढं आधी वाचून घ्या आणि मग पुढचं वाचा.

इथल्या कारखान्यात यांनी पाण्याखाली जायची एक लोखंडी खोली जोडली. आत बसून धरणाच्या भिंतीला तळाशी तडा गेलाय का, ते बघायचं. मालक अर्जुनराव सांगत होते, अशी यंत्रं तऱ्हेतऱ्हेची असतात. लढाईची पाणबुडी स्वतःच्या इंजिनावर फिरते. परदेशातलं एक यंत्र वजनानं खोल समुद्रात बुडतं आणि लोखंडाचे छर्रे टाकून आपोआप वर येतं! आमची खोली मात्र साखळीला टांगलेली, विहिरीतल्या पोहऱ्यासारखी.

परवा नदीच्या डोहात चाचणी झाली. आत हे बसले. अर्जुनरावांनी वरचा टेलिफोन माझ्या हातात दिला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"अगं..." एवढं म्हणून हे गप्पच झाले. मी हाका मारत राहिले. अर्जुनराव साखळी ओढायला सांगणार, तोच हे कुजबुजले, "हळू बोल. काचेपाशी मासा आलाय, पळेल."

असा राग आला! तरी मासा केवढा, ते विचारलंच.

अब्बांचा खोकला बरा आहे ना? त्यांना विचारा, इतकी वर्षं समुद्रावर गेली, झोपलेला मासा कधी पाहिलाय? दगडाच्या आडोशाला स्वस्थ असतो, डोळे उघडेच. मी पाहिला.

रागवू नका, अम्मी. दुसऱ्या खेपेला आत मी होते. खाली सगळा हिरवा उजेड होता. वर यायची घाई मला नव्हती, वर टेलिफोन धरून बसलेल्या तुमच्या लेकालाच मला बाहेर काढायची होती.

तुमची सून,
गुलशन