बाबांच्या पेन्सिलीचं वय

हिमेजी,
सप्टेंबरचा दुसरा सोमवार

ती. सुमिएताईस,

हिरोआकीचा वाकून नमस्कार. उकाडा सरता सरत नाही, तेव्हा तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला कसा आहे ते आधी कळव. तू पाठवलेल्या शिंपल्यांचं सूप तीन दिवस पुरवून प्यायलो. इकडे सगळं ठीक. फक्त माझी अब्रू गेली आहे, पण ती काही रोज लागणारी वस्तू नव्हे.

बाबांच्या खणात सापडलेली ती पितळी खटक्याची पेन्सिल तुला आठवत असेल (फोनवर तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तू नुसतं 'हं' म्हणालीस). टोपीवर ३-६ असा ठसा, कमरेला काळी चिकटपट्टी. म्हणजे शोवा सम्राटाचं तिसरं साल, महिना जून! जवळजवळ शंभर वर्षांची! बाबा तेव्हा चार वर्षांचे, म्हणून ती गोदीतल्या त्यांच्या वस्तादाची असणार आणि त्याने पुढे बाबांना दिली असणार, असं मी ठरवलं. दोन वर्षांत त्यातलं 'असणार' कधी गळलं ते कळलंच नाही. आमच्या संग्राहक मंडळात मी त्या वस्तादाला झुपकेदार मिशाही देऊन बसलो होतो.

काल मंडळाच्या बैठकीला काजितानीबाई आल्या. वय ब्याऐंशी, त्यातली पन्नास वर्षं वह्या-पेन्सिलींच्या दुकानात गेलेली. ताई, काय बाई आहे! आम्ही भिंगं आणि जुने कॅटलॉग घेऊन तासन्‌तास भांडतो. त्या हात धुतात, रुमाल पसरतात आणि पेन्सिल कानाशी नेऊन खटका दाबतात. आतली स्प्रिंग कशी बोलते त्यावरून वय सांगतात. समोरच्या माणसाची छाती किती फुगली आहे तेही त्यांना तेवढ्यातच कळत असावं.

"ओकिनोसाहेब, ही कधी उघडलीत का?"

"छे! एवढी जुनी वस्तू, मोडायची भीती."

"मोडत नाही हो. तुमच्यापेक्षा तरुण आहे." आणि त्यांनी टोपी फिरवून आतलं शिसं तळहातावर घेतलं. केसासारखं बारीक! "एवढं बारीक शिसं शोवा तीनला कुणी पाहिलं होतं? ही पुढच्या सम्राटाच्या काळातली, हेइसेई तीनची; जेमतेम तीस-पस्तीस वर्षांची. जुन्या घाटाची काढली होती तेव्हा; माझ्या दुकानात बारा आल्या, बाराही खपल्या."

आता बघ, सम्राट बदलला की आपलं साल पुन्हा एकपासून. तीन साल शोवातही आलं, हेइसेईतही आलं, त्यात माझा काय दोष? पण मंडळी हसली. वस्तादाच्या मिशांची चौकशी झाली. मी टोस्ट चावत मान खाली घातली.

बाईंनी मग नखाने चिकटपट्टी सोडवली. (मी 'नको, नको' म्हणालो. "अंगरख्यासकट वजन करत नाहीत," म्हणाल्या.) पट्टीखाली, दुकानात कोरून घेतलेलं नाव होतं. त्यांनी ते वाचलं, रुमालाची घडी वर टाकली आणि मला एकट्याला कोपऱ्यात बोलावून दाखवलं. नंतर म्हणाल्या, "ही संग्रहात ठेवायची की नाही ते तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही." एवढा मोठा अधिकार असून जिथे बोलायचं नाही तिथे गप्प राहणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

असो. थोडक्यात, पेन्सिल साधीच निघाली. तुझा जीव त्यात गुंतवण्यासारखं काही नाही.

तुझा,
हिरोआकी

ता. क. अब्रू गेली हे खोटं. बाईंनी पुढच्या बैठकीला मला शेजारची खुर्ची राखून ठेवली आहे.

दुसरा ता. क. नाव तुझं आहे. 'मोरिवाकी सुमिए'. माहेरचं ओकिनो नव्हे, सासरचं मोरिवाकी! त्याच सालच्या हिवाळ्यात तुझं लग्न झालं, बाबा आले नाहीत, आणि मरेपर्यंत भावोजींना 'तो माणूस' म्हणत राहिले. त्यांनी दुकानात उभं राहून ते आडनाव स्वतःच्या तोंडाने सांगितलं असेल, गं. पाठवायला धीर झाला नाही, म्हणून वर पट्टी गुंडाळली आणि स्वतःच वापरत बसले. बोटांखालचं पितळ पार झिजलं आहे.

तिसरा ता. क. खरं तर ती मला ठेवू दे, असं विचारायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. चारदा डबीत घातली, तीनदा काढली. आता सोबत पाठवतो आहे. तू नंतर बघ, आधी भावोजींच्या हातात दे.