गाडीतला वारा आणि गाडीतली आत्या

सकलगुणमंडित (समजूतदारपणा तेवढा वगळून) धाकट्या आतेबंधूस, थोरल्या मामेभावाचे कानपिळीसह अनेक आशीर्वाद.

तुम्हा उभयतांची प्रकृती उत्तम असणारच. बिघडली असती तर तुला आमची आठवण आली असती. इकडे माणसं ठीक आहेत. गाडीला मात्र वातविकार जडला आणि त्यात तुझं काम फसलं.

सासरच्या मंडळींदेखत तू तुझ्या आईला ‘तू मध्ये बोलू नकोस’ म्हणालास, तेव्हापासून आमची आत्या इथे मुक्कामाला आहे (आणि आम्हा सगळ्यांच्या मध्ये बोलते). साम आणि भेद दोन्ही वापरून (दंडाची छाती आपल्या घराण्यात कुणाला नाही) गेल्या आठवड्यात तिला तुझ्याकडे यायला राजी केलं. काठी टेकत येऊन पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, “एकदा निघायला म्हणून बसले की मी उतरत नाही. उतरले, तर पुन्हा त्याच्याकडे जायचं नाव काढायचं नाही.”

चौक ओलांडतो न ओलांडतो तोच इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे चढला. इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यावी म्हणून हीटर लावून पाहिला, तर गार वारा. डॅशबोर्डमागे गुडगुड. “लहानपणी तुझं पोट अस्संच वाजायचं,” आत्या म्हणाली. निदान मला तत्काळ झालं, कारण कूलंट (इंजिन गार ठेवणारं ते हिरवं पाणी) आदल्याच दिवशी मीच बदललं होतं. ते सावकाश ओतायचं असतं. मी अभिषेक उरकावा तसं ओतलं. हवा आत अडकून कुंभक करून बसली, कूलंटला वाट मिळेना, इंजिन तापू लागलं. आता रेचक करवणं आलं. थांबत थांबत घरी परतलो.

गाडीसोबतची पुस्तिका शुद्ध सूत्रशैलीत आहे. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कूलंटचे झाकण उघडावे. पुढची बाजू उंच ठेवावी. हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. भाष्य कुठेही नाही. आत आत्या असल्यास काय करावे, याविषयी तर सूत्रकार साफ मौन पाळतात. ती उतरेना. तेव्हा फाटकाच्या चढावर गाडीचं नाक वर करून आम्ही इंजिन निवण्याची वाट पाहत बसलो. आत्या आत, मागे कलंडून, चहा पीत. “मला दात काढायला आणलंय का रे?”

गार झाल्यावर झाकण काढलं, नरसाळं बसवलं, इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण सोडला. ऐन उन्हाळ्यातली दुपार. मी प्राण आणि अपान यांवर दोन शब्द बोलू लागलो, तर तुझी वहिनी नरसाळं धरून म्हणाली, “प्रवचन नंतर. आधी ती नळी दाबा.” दाबली. बुडबुडे आले, पातळी उतरली, पुन्हा ओतलं, पुन्हा दाबली. शेवटी एक असा ढेकर आला की माझा सदरा हिरवा झाला. गुडगुड थांबली. काटा मधोमध. आत भट्टी.

मी विजयी मुद्रेनं दार उघडलं, “आत्या, निघू या!” घामानं निथळत तिनं पट्टा सोडला आणि, बंधो, ती काठीशिवाय खाली उतरली! “गुडघे बघ कसे सुटले! डॉक्टरांना जमलं नाही ते या झरोक्यांनी केलं. आता कशाला जायचं कुठे?”

तेव्हापासून रोज सकाळी ती गाडीत शेक घेते. मी शेजारी स्टिअरिंग धरून बसतो, कारण इंजिन नुसतं चालू ठेवून जाणं शास्त्रसंमत नाही. गाडी फाटकाबाहेर जात नाही. शेजारी रोज हात हलवून निरोप देतात.

तुझा मामेभाऊ (सध्या अचल रथाचा सारथी)

ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की तू स्वतः येऊन गाडी चालव. हीटर चालू असला की चाकं फिरतात की नाही, याची तिला शुद्ध नसते. माफीबिफी मागू नकोस; माफी मागणाऱ्याला ती आधीपासूनचं सगळं ऐकवते.

ता. क. २ : आत्यानं पत्र वाचलं. “मी येणार नाही, असं ठळक लिही,” म्हणाली. लिहितो : ती येणार नाही. पाकीट चिकटवताना पुन्हा आली. “आणि त्याला म्हणावं, रविवारी ये. शनिवारी कामावरून दमून येतो तो, आणि मग गाडी फार जोरात हाकतो.”