अर्धा कप

९ नोव्हेंबर, संध्याकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत, तिकडेही असालच. भावोजींच्या गुडघ्याला उतार पडला का? भाचीने नोकरी बदलली हे मला आईकडून कळतं, म्हणजे मामाची किंमत काय ते समजलं. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. टेबल डुगडुगतंय आणि पेन पोरीचं आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू विचारतेस, "काय लपवतोयस?" म्हणून पत्र.

आज बाबांचा वाढदिवस. तूही अर्धा कप घेतला असशील. बाबा गेल्यापासून दरवर्षी जमतो तसे इथेही सगळे जमलो आणि अर्धा-अर्धा कप चहा घेतला. बाबांना भरलेला कप चालायचा नाही. अर्धा प्यायचे, पुन्हा अर्धा मागायचे, आणि आपण दोघं त्यांना 'अर्धे सरकार' म्हणायचो. आई त्यावर कधी हसली नाही, हे मला आज आठवलं.

आमचा भोंगाही आला होता. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये असतो तेव्हा खाली हुकाजवळ उभं राहून इशारे देतो तो. वायरलेस बंद पडला तरी त्याचा आवाज माझ्यापर्यंत पोचतो, म्हणून भोंगा. त्याची एक खोड आहे. भार डोक्यावर लटकत असताना हा खुशाल हेल्मेट काढून टक्कल पुसतो. सुपरवायझर ओरडला की म्हणतो, "वर आपला माणूस आहे."

परवा कामावर जरासं काही झालं. सळ्यांचा भारा खाली घेताना हेलकावला आणि भोंग्याला उडी मारून बाजूला व्हावं लागलं. लागलं कुणाला नाही. वारा आला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

तर चहाचं सांगत होतो. आज आई म्हणाली, मीच ओतते. सगळ्यांचे कप अर्धे आणि माझा काठोकाठ. मला वाटलं, वयामुळे चुकली. बायकोला तर आयतंच सापडलं. मी हल्ली घरी रोज अर्धाच कप मागतो म्हणून ती मला 'सासऱ्यांची दुसरी आवृत्ती' म्हणते. ती म्हणाली, आज बरी पंचाईत झाली यांची. सगळे हसले.

आई हसली नाही. "उचल," म्हणाली.

मी म्हटलं, गरम आहे, निवू दे. बरं म्हणाली आणि समोर बसून राहिली. मी भोंग्याशी क्रिकेट काढलं, पोरीला परीक्षेचं विचारलं, खिडकीची कडी सैल झाली म्हणून तीही बघून आलो. आईने मान वळवली नाही. चहावर साय धरली. आता निवला, उचल, असं ती पुन्हा म्हणाली.

ताई, मी उचलला. आधी बशीत सांडला, मग शर्टावर. दुसरा हात लावला तरी थांबेना.

आईने कप माझ्या हातातून काढून घेतला. "त्यांचाही असाच सांडायचा," ती म्हणाली. "म्हणून अर्धा."

बाबांच्या आवडीचा म्हणून आपण इतकी वर्षं जो कप हातात धरला, त्यात आवडीचा भागच नव्हता. आणि ते क्रेन सोडून स्टोअरमध्ये बसले, ते साहेबाशी भांडून, असंच आपल्याला ठाऊक होतं ना? भांडण झालंच नव्हतं. हात थरथरायला लागला, तसे ते स्वतःहून खाली उतरले. तापट म्हणवून घेणं त्यांना चाललं, पण हाताचं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. सासरी तुला 'बापासारखी भांडखोर' म्हणून किती ऐकावं लागलं. ते भांडण आईनेच रचलं होतं, त्यांच्या सांगण्यावरून. आज सगळं सांगून ती मला म्हणाली, "त्यांच्यासाठी खोटं बोलले. तुझ्यासाठी नाही बोलणार."

परवा वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

पावसाळ्याच्या आधीपासून हे चाललंय. सकाळी बरा असतो, दमलो की सुटतो. मी डॉक्टरकडे गेलो नाही, कारण तो काय म्हणेल ते मला माहीत होतं. क्रेनशिवाय मला दुसरं काही येत नाही. त्या केबिनमध्ये बसलो की मी कुणीतरी असतो, खाली मला कोण विचारतो? याच्याच भीतीने मी रोज वर चढत राहिलो आणि खाली भोंगा टक्कल पुसत राहिला. स्वतःची लाज वाटते गं.

भोंगा जाताना चपला घालत बराच वेळ दारात उभा राहिला. मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एरवी गल्ली दणाणून सोडणारा माणूस इतक्या हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. म्हणाला, "उद्यापासून हेल्मेट घालूनच उभा राहतो."

तो जाऊन तासही झाला नसेल. तेव्हापासून हे पत्र लिहितोय. टेबल डुगडुगत नाही आणि पेनही चांगलं आहे.

उद्या कामावर जाईन, पण शिडी चढणार नाही. सुपरवायझरला सगळं सांगेन, परवाच्या भाऱ्याचंही. सकाळ झाली की हात बरा असतो आणि मन उलटतं, म्हणून पत्र आत्ताच कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येतो. तुला कळलं म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. कुणी येऊन सांगितलं की मी साहेबाशी भांडलो, तर विश्वास ठेवू नकोस.

डॉक्टरकडे तू सोबत चल. एकट्याने जाववणार नाही. आणि आलीस की माझा कप भरून दे. सांडला तर सांडू दे.

तुझा,
बारक्या
(आता खाली)